हॅरल्डची बाजू

गोड खाऊन होईपर्यंत कोणी विषय काढायचा नाही, असं फिलिपाने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. सगळ्यांना म्हणजे मम्मीला, डॅडींना आणि आपल्या मुलाला, टोबीला. पार्जिटरांच्या घरात एखादी गोष्ट न बोलणं ही काही मोठी कामगिरी नव्हती, पिढ्यान्‌पिढ्या ते दुसरं काय करत आले होते? अवघड होतं ते नंतर बोलणं.

"पण तिला सांगणार कोण?" बेरिलने विचारलं. ओव्हनमधून बटाट्यांचा ट्रे काढताना तिचा चष्मा वाफेने पांढरा झाला होता.

"मी सांगेन."

"शुक्रवारीही हेच म्हणाली होतीस. फोन लावलास, हवापाण्याच्या गप्पा मारल्यास आणि तिला रविवारच्या जेवणाचं आमंत्रण देऊन मोकळी झालीस."

"असलं फोनवर सांगतात का, मम्मी?"

"मग कसं सांगतात? 'विनीआत्या, अजून थोडी ग्रेव्ही घ्या, आणि हो, तुमच्या वडिलांना आम्ही गाडीवरून काढून टाकलंय'?"

फिलिपा म्हणजे पन्नाशीची बाई, अख्खा कारखाना चालवायची, जर्मनीतल्या विक्रेत्यांना फोनवर गप्प करायची. पण आईच्या स्वयंपाकघरात उभी राहिली की तिचे हात अजूनही सोलायला गाजरंच शोधायचे. तिने एक गाजर उचललं. ते आधीच सोललेलं होतं.

गोष्ट अशी होती. नव्वद वर्षांपूर्वी पर्सी आणि हॅरल्ड या दोन भावांनी पहिली पार्जिटर गाडी आखली, ती कागदावर नाही, तर ब्रॉमयार्डच्या शेडमधल्या जमिनीवर, खडूने, खऱ्या मापात. आणि त्याच आठवड्यात दोघांची बोलचाल बंद झाली. हॅरल्डने न विचारता पर्सीची मोटरसायकल नेली आणि ओढ्यात घातली, एवढं निमित्त. पण काम थांबवण्याइतका राग दोघांनाही परवडणारा नव्हता. मग डाव्या बाजूचा लाकडी साचा पर्सीने केला आणि उजव्या बाजूचा हॅरल्डने, एकमेकांना पाठ करून. साच्यांवर पत्रा ठोकून मडगार्ड जोडली तेव्हा कळलं की उजवी बाजू डावीपेक्षा अर्धं बोट जास्त फुगलीय. भाऊ पुढे बोलायला लागले. साचे मात्र तसेच राहिले.

तेव्हापासून कारखान्यात डावं-उजवं हे शब्दच नव्हते. 'पर्सीचं मडगार्ड', 'हॅरल्डचा दरवाजा', 'जरा हॅरल्डकडे सरकव', असंच सगळे बोलायचे. पार्जिटरांच्या पोरांना डावा हात कुठला हे कळायच्या आधी पर्सी कुठला हे कळायचं. फिलिपा ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली ती याच पायी. परीक्षक म्हणाला, "डावीकडे घ्या," आणि ही विचारते, "म्हणजे पर्सीकडे ना?"

आणि आता नव्वदाव्या वर्षाची खास आवृत्ती. नव्वदच गाड्या, तोच ॲशच्या लाकडाचा सांगाडा, तोच हाताने ठोकलेला पत्रा. जुने साचे आता झिजले म्हणून टोबीने त्यांचं कॉम्प्युटरवर माप घेऊन नवे करवून घेतले. माप त्याने पर्सीच्या बाजूचं घेतलं, जेवायला गेला, आणि परत आल्यावर दुसरी बाजू आरशासारखी उलटी करून टाकली. चोवीस वर्षांचा पोरगा, त्याला ते जास्त नीटनेटकं वाटलं. पत्रेकामवाल्यांना वाटलं फिलिपाने सांगितलं असेल. फिलिपाला वाटलं डॅडींना विचारलं असेल. विचारणं हा उद्धटपणा ठरला असता, म्हणून कोणीच कोणाला विचारलं नाही. पहिली गाडी रंग लागून, पॉलिश होऊन उभी राहिली तेव्हा कुठे शुक्रवारी फिलिपाच्या ध्यानात आलं.

येत्या शनिवारी गावासमोर त्या गाडीवरची चादर ओढायचा मान विनिफ्रेडचा, म्हणजे विनीआत्याचा होता. ती हॅरल्डची एकुलती एक मुलगी, चौऱ्याऐंशी वर्षांची.

*

लायनेलला मांस कापायला बसवलं की तो सुखी असे. पर्सीचा हा मुलगा, फिलिपाचा बाप. आयुष्यभर पत्रा ठोकून त्याच्या कानांची वाट लागली होती, पण हात अजून थरथरत नव्हते. गोमांसाचे काप सुरीखाली पानासारखे पडत होते आणि समोर त्याची चुलतबहीण विनी भाजलेल्या पिठाच्या पोकळ यॉर्कशर पुडिंगात ग्रेव्ही ओतत होती. टोबी तिला लेडबरीहून घेऊन आला होता.

"टोबी गाडी छान चालवतो," विनी म्हणाली. "वाटेत एक शब्द बोलला नाही. आजारी आहेस का रे?"

"नाही, आजी."

"मग प्रेमात पडलायस."

"नाही, आजी."

"अरेरे. दोन्हीपैकी काहीतरी असायला हवं होतं."

बेरिल हसली, जरा जास्तच. फिलिपाने हॉर्सरॅडिशच्या झणझणीत चटणीची वाटी विनीपुढे सरकवली. ती तिच्यापुढेच होती.

लायनेलला हे सगळं नाटक असह्य झालं होतं. त्याला मनातून गाडी आवडली होती. पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो तिच्यासमोर कितीतरी वेळ उभा राहिला होता. दोन्ही डोळे एका रेषेत, दोन्ही खांदे सारखे. हॅरल्डची ती फुगीर बाजू त्याला आयुष्यभर सलत आली होती, आणि हॅरल्डकाकामुळे नव्हे. हॅरल्डकाका लाख माणूस. सलत होते ते स्वतःचे वडील. एकोणीस वर्षांचा असताना त्याने पर्सीला विचारलं होतं, "डॅडी, तो साचा एकदा नीट का नाही करून टाकत?" पर्सीने मान वर न करता सांगितलं होतं, "त्याला हात लावायचा नाही." बस्स. लायनेलने तेव्हाच ओळखलं. भावाची चूक जपून ठेवलीय यांनी. रोज, प्रत्येक गाडीवर, सगळ्या जगाला दाखवायला. इतका कठोर माणूस आपला बाप आहे याची त्याला लाज वाटली होती आणि ती लाज अजून गेली नव्हती. टोबीने नकळत ती पुसून टाकली होती. चला, सुंठीवाचून खोकला गेला.

"शनिवारी काय घालू?" विनी विचारत होती. "निळा कोट घालणार होते, पण गाडी हिरवी आहे म्हणे."

"निळा छान दिसेल, आत्या," फिलिपा म्हणाली.

"हिरव्यावर निळा? तुझी दृष्टी तपासून घे."

"काहीही घाल विनी," लायनेल म्हणाला, "गाडीच इतकी देखणी झालीय की तुझ्याकडे कोणी बघणार नाही. शेवटी एकदाची सरळ झाली."

टेबलाखाली बेरिलचा बूट त्याच्या नडगीवर बसला, पण उशीर झाला होता.

"सरळ म्हणजे?" विनीने विचारलं.

टोबीने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"फिलिपा," विनी म्हणाली, "शुक्रवारपासून तू ताकाला जाऊन भांडं लपवतेयस. मी म्हातारी आहे, बावळट नाही. काय झालंय?"

फिलिपाने सांगितलं. एकदा सुरू केल्यावर भराभर सांगितलं, काही वगळलं नाही. टोबी मध्येच म्हणाला, "चूक माझी आहे, आजी. मला माहीत होतं, पण म्हणजे... ते एवढं मोठं आहे हे माहीत नव्हतं."

विनीने काटा-सुरी ताटात शेजारी शेजारी ठेवली. जेवण संपल्याची खूण. ताटात अर्धं जेवण होतं.

"म्हणजे दोन्ही बाजूंना आता पर्सीकाकाच," ती म्हणाली.

"हो."

"मला दाखवा."

"आत्या, गोडाला रूबार्बचं क्रंबल आहे, ते खाऊन मग—"

"क्रंबल पळून जात नाही. मला दाखवा."

*

अंगण ओलांडलं की कारखाना. रविवारी तिथे लाकडाच्या भुशाचा वास तेवढा कामावर असे. विनीने टोबीचा हात धरला होता. चालताना तिला वाटत होतं, हे सगळे माझ्यामागे प्रेतयात्रेला निघाल्यासारखे का येतायत? बेरिल तर रुमालसुद्धा घेऊन आली होती.

गाडीवरची चादर फिलिपाने काढली. विनीला पुढचं हल्ली धूसर दिसे, म्हणून ती अगदी जवळ गेली. आधी डावीकडे, पर्सीच्या मडगार्डवरून तिने तळवा फिरवला. मग बॉनेटला वळसा घालून उजवीकडे आली आणि तिथे फिरवला. जिथे हात वर चढायला हवा होता, तिथे तो चढला नाही.

तिला वाटलं होतं, वाईट वाटेल. वाटलं थोडंसं. पण त्याच्यामागून आलं ते भलतंच, आणि ते आल्यावर ती हसायला लागली.

"आत्या?" फिलिपा घाबरली.

"सुटला बिचारा," विनी म्हणाली. "सुटला एकदाचा! फिलिपा, तोंड पाडू नकोस. माझ्या वडिलांइतका आज कोणी खूश झाला नसता. त्यांना या बाजूची किती लाज वाटायची, माहितीये? नवी गाडी फाटकातून बाहेर पडायची तेव्हा सगळे टाळ्या वाजवायचे आणि हे बाथरूममध्ये जाऊन बसायचे. आई म्हणायची, तुमच्या पोटाला प्रत्येक गाडी कशी कळते हो?"

"लाज?" लायनेल म्हणाला. "त्यांना तर अभिमान होता. सगळे म्हणतात, हॅरल्डने हट्टाने ठेवली ती बाजू."

"हट्टाने? तासायला निघाले होते ते! पहिली गाडी जोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे कानस घेऊन शेडमध्ये गेले, साचा तासून पर्सीच्या मापाचा करायला. तर पर्सीकाका आधीच तिथे. साच्याच्या पुढ्यात उभे. कितीतरी दिवस बोलत नव्हते ना दोघं, आणि पहिलं वाक्य काय बोलले? 'राहू दे, हॅरी. तासलास तर सगळे म्हणतील चूक तुझी होती. राहिली तर कोणाची होती ते कोणाला कळणार नाही.'"

"हे तुला कोणी सांगितलं?" लायनेलचा आवाज वेगळाच आला.

"वडिलांनी. लहानपणी शंभरदा सांगायचे. पर्सीचं नाव निघालं की हीच गोष्ट." विनीने त्याच्याकडे वळून पाहिलं. "तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"लायनेल, मला वाटलं तुला माहीत असेल. तुझे वडील होते ते!"

"म्हणून तर," लायनेल म्हणाला. "मला कोण सांगणार?"

तो एका बाकावर बसला. साठ वर्षं मनात एका माणसाचा खटला चालवून त्याला दोषी ठरवलेलं, आणि आता साक्षीदार येते ती इतक्या सहज, जेवणाच्या मध्ये. ती कधीपासून तिथेच होती. नाताळला, लग्नांना, बारशांना त्याच्या शेजारी बसत होती. विचारलं असतं तर सांगितलं असतं. नाही विचारलं.

"फिलिपा," तो म्हणाला, "हे मडगार्ड उतरव. दरवाजाही. जुन्या साच्यावर नवीन ठोकायचं."

"डॅडी, आत्ता टेबलावर तुम्हीच म्हणालात की—"

"मी काय म्हणालो ते मला ऐकू आलं नाही. शनिवारच्या आत होईल. मी स्वतः ठोकीन."

"काही गरज नाही," विनी म्हणाली. "छान आहे तशीच राहू दे."

"विनी, ती तुझ्या बापाची बाजू आहे!"

"म्हणूनच मी सांगतेय ना! आयुष्यभर शरमला तो माणूस. आता नव्वद नवीन गाड्यांवर पुन्हा त्याला उभा करणार तुम्ही? सोडा त्याला. आणि ती बाजू परत लावलीत तर शनिवारी चादर दुसऱ्या कोणाकडून ओढून घ्या. मी येणार नाही."

"हेकट!"

"तू हेकट! तासाभरापूर्वी सरळ झाली म्हणून नाचत होतास!"

बेरिल फिलिपाच्या कानाशी लागली. "ही तुझ्या आजोबांची बाजू घेतेय आणि तो तिच्या वडिलांची. मी रुमाल कोणासाठी आणलाय तेच कळेना."

*

टोबी इतका वेळ गप्प होता. सगळ्यांना वाटत होतं तो अपराधी वाटून गप्प आहे, आणि ते खरंही होतं. पण त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी फिरत होतं.

"आजी," तो म्हणाला, "मी एक विचारू? त्यांनी आखलं होतं ते खडूनेच ना? कसला खडू?"

"कसला म्हणजे? शेतकरी मेंढ्यांवर खुणा करतात तसला. जाड ढेकूळ. का रे?"

"मी आधी दोन्ही बाजूंचं माप घेतलं होतं. थोडंसं, वरवर. फरक सगळीकडे सारखा येत होता. वर, खाली, पुढे, मागे, तेवढाच. चूक अशी नसते. चुकलेला माणूस कुठे जास्त चुकतो, कुठे कमी." त्याने दोन बोटांनी जाडी दाखवली. "हा फरक म्हणजे खडूची रेघ आहे. पर्सीआजोबांनी रेघेच्या आतल्या कडेपासून मोजलं आणि हॅरल्डआजोबांनी बाहेरच्या. बोलत असते तर एकमेकांना विचारलं असतं. पण दोघांनी मोजलं बरोबरच."

"बरोबर?" विनी म्हणाली.

"हो. दोघांचंही. चूक झालीच नव्हती, आजी. कोणाचीच."

विनीने गाडीच्या काठाला धरलं. इतका वेळ ती हसत होती, भांडत होती, आणि आता तिच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. तिच्या डोळ्यांपुढे बाथरूमचं बंद दार आलं आणि दारापलीकडचा तो भला, लाजरा माणूस.

"बाहेर या हो," ती हळूच म्हणाली, कोणाला ते सगळ्यांना कळलं. मग तिने डोळे पुसले, स्वतःच्या बाहीने. रुमाल घेऊन आलेल्या बेरिलला ते बघवलं नाही, ती स्वतःच रडायला लागली.

लायनेल बाकावरून उठून विनीजवळ आला. अशा वेळी पार्जिटर पुरुष बहुधा खांद्यावर एक थाप मारून हवामानाकडे वळत. लायनेलनेही हात उचलला, थाप मारायलाच, पण तो विनीच्या खांद्यावर ठेवल्यावर त्याला तिथून काढता येईना.

"विनी, ऐक. तुझ्या वडिलांनी तुला गोष्टी सांगितल्या. मांडीवर घेतलं असेल. माझ्या बापाने मला कधी हात लावलेला आठवत नाही. कधी शाबास म्हटलं नाही. आईच्या दफनालासुद्धा तो नुसता घड्याळाकडे बघत होता. आख्ख्या आयुष्यात त्याने एक गोष्ट प्रेमाने केली, आणि ती मला आज कळतेय, आणि ती या बाजूला आहे." त्याने उजव्या मडगार्डवर बोट टेकलं. "तू म्हणतेस ही हॅरल्डची बाजू. अगं, माझ्या बापाची काही माया कुठे शिल्लक असेल तर ती इथेच आहे, एवढ्या अर्ध्या बोटात. मला दुसरं काही नाही गं त्याचं. ती पुसू नकोस."

विनी त्याच्याकडे बघत राहिली. धूसर दिसत असूनही तिला त्याचा चेहरा पुरता दिसला असावा.

"मेल्या, हे आधी का नाही बोललास?" ती म्हणाली.

"मला आधी माहीत कुठे होतं?"

"फिलिपा, नट काढायचे पाने कुठे आहेत?"

"आत्या, उद्या सकाळी माणसं आली की—"

"उद्या नाही. उद्यापर्यंत या घरात पुन्हा सगळे गप्प बसतील. पाने आण."

टोबी धावलाच. लायनेलने कोट काढून बाकावर टाकला, गुडघे टेकायला जुनं पोतं घेतलं आणि आत, चाकाच्या वर हात घालून पहिला नट शोधला. ऐंशीच्या घरातला माणूस, पण बोटांना वाट पाठ होती. नट निघत गेले. बेरिलने क्रंबल जळेल म्हणून दोनदा आठवण केली आणि दोनदा स्वतःच जागची हलली नाही. फिलिपा पुढच्या बाजूने मडगार्डला आधार देत होती, टोबी मागून. मधला भार विनीने दोन्ही हातांवर घेतला होता. कोणी "आत्या, तुम्ही बाजूला व्हा" म्हणालं नाही, म्हणायची कोणाची छाती नव्हती.

"शेवटचा," लायनेल खालून म्हणाला. "हा काढला की सगळं वजन तुमच्यावर येईल. विनी, जमेल ना? नाहीतर टोबीला मध्ये घे. पत्रा हलका असला तरी—"

"सोड, लायनेल," विनी म्हणाली. "मी धरलंय."